पन्नास दोऱ्यांचा बांध

उघाडीच्या कठड्यावर बसायचं, डावा पाय सरळ पुढे ठेवायचा, उजवा खाली सोडायचा आणि स्टॉपवॉच मांडीवर धरायचं. कुंदन घरत गेली दोन वर्षं रोज सकाळी असाच बसत होता. खाडीची भरती शेतात शिरू नये म्हणून बांधलेली ती दगडी उघाडी. तिची लाकडी दारं केव्हाच कुजली होती, पण कठडा शाबूत होता. पोरांना वाटायचं, सर इथून सगळं बघतात. सरांना काही दिसत नव्हतं. शेतांभोवती फिरून उघाडीपाशीच परत येणाऱ्या बांधाच्या दोन्ही अंगांना तिवरांची झाडी माजली होती. पळणारी पोरं शंभर पावलांवर नाहीशी व्हायची आणि साडेचार मिनिटांनी दुसऱ्या बाजूनं उगवायची.

आधी तो त्यांच्याबरोबर पळायचा. मग सायकलवरून मागे जायचा. मग डाव्या गुडघ्यातली गादी झिजली, डॉक्टरनी फोटो दाखवला, आणि तेव्हापासून हा कठडा. कॉलेजात त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. पनवेलच्या त्या कॉलेजात तो एकोणीस वर्षं लांब पल्ल्याच्या धावण्याचा प्रशिक्षक होता आणि एकोणीस वर्षं हंगामी होता. दर जूनला नवं पत्र मिळायचं. प्रशिक्षक लंगडा आहे असं कळलं असतं तर जूनपर्यंतही कुणी थांबलं नसतं. म्हणून कॉलेजच्या जिन्यावर तो मुद्दाम फोन कानाला लावून चढायचा. हळू चढायला तेवढंच कारण.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. चिखलाला ओहोटीचा वास सुटला होता. शिवा भोईराची भामा तिवरांतून बाहेर आली, केस चेहऱ्याला चिकटलेले, हात छातीशी आलेले. ती कठड्यासमोरून गेली तेव्हा कुंदननं अंगठा दाबला.

"अठरा वीस," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा म्हणाला, स्वतःला ऐकू यावं म्हणून.

भामा गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. अंगात मांस असं नव्हतंच, नुसत्या शिरा. ती हसली आणि चिखलात थुंकली.

तिच्या मागून निकेश आला. कोन गावचा पोरगा, रस्त्यात जमीन गेलेल्या घरातला. हाताला नवंकोरं घड्याळ, उपग्रहावरून अंतर मोजणारं. ते बघत तो म्हणाला, "सर, चार फेऱ्यांचे पावणेपाच किलोमीटरच दाखवतंय. काल पण तेवढेच होते."

"कुणी घेतलं घड्याळ?"

"बाबांनी. वाढदिवसाला."

"बाबांनी जमीन विकून घेतलं," कुंदन म्हणाला. "हा बांध माझ्या बापानं मोजलाय. मिठागरातले वाफे आखायची पंचवीस मीटरची दोरी घेऊन, चिखलात वाकून. पन्नास दोऱ्या. चार फेऱ्या म्हणजे पाच हजार, एका बोटाचा फरक नाही. तू तुझ्या घड्याळाला आधी चालायला शिकव, मग इथे आण."

पोरं हसली. भामाही हसली. निकेशनं घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि त्यानंतर ते बांधावर कधी आलं नाही.

खरं तर त्या वर्षी बांध फुटला होता. भाद्रपदाच्या उधाणात पलीकडच्या टोकाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं आणि महिनाभर पोरं डांबरी रस्त्यावर पळाली. दसऱ्यानंतर ठेकेदारानं पोकलेन लावून खांड बुजवली. पोकलेन चालवायला शिवा भोईरच होता. कुंदननं त्याला उघाडीवरूनच विचारलं होतं, "झाला का रे?" तो म्हणाला, "झाला, सर." तेवढ्यावर काम भागलं. पलीकडे चालत जायचं म्हणजे परत चालत यायचं आलं.

बांधावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या वेळा उतरल्या. पाऊस लागायच्या आधी भामा एकोणीस चाळीसला पाच हजार पळत होती, ती अठरा पंचेचाळीसला आली. मग अठरा पस्तीस. आता अठरा वीस. कुंदनकडे कारण तयार होतं. पावसाळ्यात तो पोरांना दर रविवारी नेऱ्याला नेऊन डोंगराखालच्या चढावर पळवत होता. एकोणीस वर्षांत सुचलं नाही ते त्याला यंदा सुचलं होतं. माणसाला हवं असलेलं कारण सापडलं की तो दुसरं शोधत नाही, आणि कुंदनला तर ते फार वर्षं हवं होतं. त्यानं वेळांची वही प्राचार्यांना नेऊन दाखवली.

प्राचार्यांनी वही चाळली. "छान आहे, घरत. पण वही नको, या वर्षी विद्यापीठाच्या संघात आपलं एक तरी नाव हवं. सहा जणी घेतात ना? नाहीतर तुमच्या जागेचं मी वर काय सांगू?"

सहा जण घेतात हे कुंदनला कुणी सांगायची गरज नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी तो स्वतः सातवा आला होता.

घरी त्याची बायको मनिषा भाकऱ्या थापत होती. पळस्प्याच्या दोन ढाब्यांना ती रोज सव्वाशे तांदळाच्या भाकऱ्या द्यायची. उकडीत हात घालून घालून तिच्या बोटांची टोकं कायम लाल असायची. कुंदन पाटावर बसला तशी ती मान वर न करता म्हणाली, "भोईराची गुना आयलती. भामाचा कागूद आलाय."

"कसला?"

"बंदराकडच्या कंटेनर यार्डात. गेटवर नोंदी करायच्या. जमीन गेलेल्यांना घरटी एक जागा हाय ना, त्यातली. एकतीस तारखेच्या आत हजर व्हायला पायजे, नायतर यादीतल्या फुडल्याला. गुना इचारत व्हती, सर काय बोलतान?"

कुंदननं भाकरीचा तुकडा मोडला. "गेटवर सकाळी सहाला उभी राहिली तर पळेल कधी?"

"तां मी कशी सांगू," मनिषा म्हणाली. "मी तुमाला काय ती इचारते ता सांगितला."

ओटीवर त्याचा बाप काशिराम जाळ्याचे तुटलेले डोळे सांधत बसला होता. मिठागरात उभ्या आयुष्याच्या उन्हानं आणि पांढऱ्या झळांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांची वाट लावली होती. ऑपरेशन करूनही त्याला माणूस दोन हातांवर आल्याशिवाय ओळखू येत नसे. तो म्हणाला, "शिवाची पोर ना? काटक हाय. तिचा आजा मिठाची पाटी घेऊन पलायचा."

संध्याकाळी कुंदन भोईरांकडे गेला. शिवा आणि तो गावच्या शाळेत एका बाकावर होते. तेव्हा शिवा त्याला कुंद्या म्हणायचा. भामा कॉलेजात गेली त्या दिवसापासून सर म्हणायला लागला, आणि एकटे असतानाही सर म्हणायचा. त्यानं खुर्ची पुसून दिली. स्वतः उंबऱ्याला टेकून बसला. हातांवर पोकलेनचं काळं वंगण, धुऊनही न गेलेलं.

भामाच्या आईनं, गुणाबाईनं, प्लास्टिकच्या पिशवीतून पत्र काढलं. कुंदननं ते वाचलं. चांगलं पत्र होतं. ते पत्र चांगलं आहे हे त्याला कळत होतं, हे पुढे त्याला विसरता आलं नाही.

"सर, मानूस पलून पलून कवर पलनार?" गुणाबाई म्हणाली. "ही जागा परत येनार नाय."

"वहिनी, गेटवरची नोकरी ठेक्याची आहे. भामा विद्यापीठाच्या संघात गेली, पुढे देशभरच्या विद्यापीठांत पळाली, तर रेल्वे आहे, पोलीस आहे. खेळाडूंची जागा वेगळी असते. ती कायमची." त्यानं खिशातून स्टॉपवॉच काढलं. सकाळची वेळ त्यानं पुसली नव्हती. "हे बघा. अठरा वीस. गेल्या वर्षी सहावी आलेली मुलगी अठरा एकोणपन्नासला होती."

शिवानं स्टॉपवॉच हातात घेतलं नाही. हात मळके होते. त्यानं वाकून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"भामा, तुला काय वाटतंय?" गुणाबाईनं विचारलं.

भामा भिंतीला पाठ लावून उभी होती. "सर बोलतान तर व्हईल."

"मंग झाला," शिवा म्हणाला. "सर सांगतान तसा. शर्यत कदी हाय?"

"आठ जानेवारीला."

गुणाबाईनं पत्र परत पिशवीत घातलं. फाडलं नाही. एकतीस तारखेला अजून वेळ होता, आणि बाईमाणूस शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघतं.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी सकाळी, तिसऱ्या फेरीला भामा उलटी पळत आली. "सर, निकेश पडलाय. पाय मुरगळला. उठता येत नाय."

दुसरं कुणी मोठं माणूस नव्हतं. कुंदन कठड्यावरून उतरला. दोन वर्षांत तो त्या वाटेनं गेला नव्हता. गुडघा प्रत्येक पावलाला आतून चावत होता. भामा पुढे चालत होती आणि मागे वळून बघायचं टाळत होती. तिला लंगडणं दिसलं होतं, आणि दिसलं नाही असं ती दाखवत होती. त्याला त्याची लाज वाटली.

पलीकडच्या टोकाला निकेश घोटा धरून बसला होता. त्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याइतकी जागा अजून उजळ होती. कुंदननं घोटा दाबून बघितला. मोडला नव्हता. मग तो सरळ उभा राहिला आणि त्यानं आजूबाजूला बघितलं.

इथे बांधाचा वाक होता. विळ्यासारखा, खाडीच्या अंगाला गेलेला मोठा वाक. त्या वाकावर वारा तोंडावर यायचा आणि पळणाऱ्याचा तिथे जीव जायचा. स्वतः कुंदनचा गेला होता, कितीदा. आता वाक नव्हता. त्याच्या जागी खारं पाणी साचलेला खड्डा होता, त्यात दोन बगळे, आणि नवा लाल मातीचा बांध शेताच्या बाजूनं सरळ गेला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ.

त्यानं तिथूनच शिवाला फोन लावला.

"शिवा, इथला वाक कुठं गेला?"

"तो व्हय? खांड पडलेली तिथं खड्डा लय खोल झालता, सर. म्हून आतून सरल घेतला. ठेकेदार नाय बोलत व्हता, बोलला दुसऱ्याचे शेतातून जातो. मी त्या शेतवाल्याचे पाया पडलो." मागे पोकलेनचं इंजिन घरघरत होतं. शिवाच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "बोललो, पोरांना तवढाच फेर कमी. आमची भामा दमून येते ना, बघवत नाय. पलायला बरा वाटतंय ना आता?"

"हो," कुंदन म्हणाला. "बरं वाटतंय."

दुपारी त्यानं माळ्यावरून दोरी काढली. मनिषा ढाब्याच्या भाकऱ्या पोचवून आली होती. तिला त्यानं दुसरं टोक धरायला सांगितलं. ओहोटी लागली होती. काशिराम हट्टानं बरोबर आला आणि उघाडीच्या कठड्यावर, कुंदनच्याच जागी बसला. दोघं दोरी टाकत निघाले. एक दोरी झाली की मनिषा चिखलातला एक शिंपला उचलून पदरात टाकायची. तिचं वाकणं सरळ होतं. कुंदनला वाकताना डावा पाय बाजूला फेकावा लागत होता. ऊन पाठीवर होतं.

परत उघाडीवर आल्यावर मनिषानं शिंपले कठड्यावर ओतले. काशिरामनं ते बोटांनी चाचपत मोजले.

"सत्तेचालीस."

"आणि वर अर्धी दोरी," कुंदन म्हणाला.

"पन्नास व्हयाच पायजेत. पुन्ना मोज."

"बाबा, पलीकडचा वाक कापलाय."

काशिरामनं हातातला शिंपला खाली ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "आसा बोल ना मंग. माझी दोरी बरोबर हाय." तो खूश झाला. त्याच्यापुरता प्रश्न सुटला होता.

मनिषा शिकलेली आठवीपर्यंत, पण भाकऱ्यांचा हिशेब रोज तोंडी करणारी. ती म्हणाली, "एका फेरीला अडीच दोऱ्या. चार फेऱ्यांना धा."

"अडीचशे मीटर."

"म्हंजे ती पोर जेवडी पलते बोलता तेवडी पलतच नाय."

कुंदन दोरी गुंडाळत होता.

"आजच सांगा त्यांना. तीन दिस हायेत आजून. कागूद गुनानं फाडला नाय, मला ठाव हाय."

"सांगतो."

"तुमाला जमत नसंल तर मी सांगते."

"मी सांगतो म्हटलं ना."

पण आधी एकदा बघू, असं त्यानं ठरवलं. कोण जाणे, पोर पूर्ण पाच हजारसुद्धा तेवढ्यात काढेल. थकलेला माणूस अशा आशेवर चार दिवस जगू शकतो. कुंदनला एकच दिवस हवा होता.

सोमवारी तो अंधार असतानाच आला आणि उघाडीच्या मागे दहा दोऱ्या मोजून त्यानं बांधाच्या कडेला एक वीट ठेवली. पोरं आल्यावर भामाला म्हणाला, "आज तू एकटी. त्या विटेपासून सुरू कर. इथे निसरडं झालंय."

तिनं विटेकडे बघितलं. निघाली.

तिसऱ्या फेरीपर्यंत ती छान होती. चौथ्या फेरीला तिवरांतून बाहेर आली तेव्हा डोकं एका बाजूला पडलं होतं आणि तोंड उघडं होतं. कुंदन कठड्यावर उभा राहिला होता, गुडघा विसरून. ती गेली. त्यानं अंगठा दाबला. एकोणीस सोळा.

ती वळून त्याच्याकडे चालत येत होती. वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत कुंदनच्या डोक्यात काय काय आलं. पिशवीतलं पत्र आलं. शिवाचे मळके हात आले. प्राचार्य आले, आणि वही आली, जी आता खोटी होती आणि ज्यावर त्याची सही होती. गेल्या वर्षीच्या सहावीची अठरा एकोणपन्नास ही वेळही आली. मग त्याच्या अंगठ्यानं दुसरं बटण दाबलं आणि सगळे आकडे शून्य झाले.

"किती, सर?"

"अठरा बावीस."

"आज लय जड गेला." ती धापा टाकत होती. "मला वाटला एकोनीसच्या वर गेला. बघू?"

"शून्यावर गेलं. चुकून." तो घड्याळ खिशात घालत म्हणाला. "थंडीनं जड वाटतं. शर्यतीच्या दिवशी हलकं वाटेल."

भामानं त्याच्या खिशाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग मान हलवली. पोरीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरं करायचं तरी काय होतं तिनं, तिला त्यानंच शिकवलं होतं तसं.

त्या रात्री जेवताना मनिषानं विचारलं, "सांगितलंत?" तो म्हणाला, "सांगितलं." "काय बोलली गुना?" "बघतील म्हणाले." मनिषानं त्याच्या ताटात कालवण वाढलं.

एकतीस तारीख गेली. शिवा संध्याकाळी नाक्यावर भेटला आणि हसून म्हणाला, "जागा गेली फुडल्याला. आता पोरगी तुमच्या हवाली, सर."

शर्यत मुंबईत होती, लाल रबरी मैदानावर. इथे बांध नाही, चारशे मीटरची फेरी, आणि मैदानाच्या टोकाला मोठं इलेक्ट्रॉनिक घड्याळ, ज्याला कुठलंच बटण नव्हतं. भामाच्या पायांत निकेशच्या मामेबहिणीचे मागून आणलेले खिळ्यांचे बूट होते. साडेबारा फेऱ्या. कुंदननं तिला दहा दिवस एकच आकडा पाठ करायला लावला होता, अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक फेरी अठ्ठ्याऐंशी सेकंदांत. आदल्या दिवसापर्यंत तो ब्याण्णव म्हणू शकला असता. ब्याण्णव म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

पहिली फेरी अठ्ठ्याऐंशी. दुसरी अठ्ठ्याऐंशी. पोर घड्याळासारखी पळत होती, चौथ्या नंबरावर. तिसऱ्या फेरीला कुंदनला राहवलं नाही. तो कठड्याला रेलून ओरडला, "हळू, भामा. हळू घे."

तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. दहा आठवड्यांत त्यानं हा शब्द एकदाही वापरला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, काहीतरी आठवल्यासारखं होतं. ती हळू झाली नाही. सर काल जे म्हणाले तेच ती पळत होती.

सातव्या फेरीला पाय जड झाले. आठवी सत्त्याण्णव, नववी एकशे दोन. मागच्या मुली एकेक करून तिच्या खांद्याजवळून पुढे गेल्या, घाई न करता. भामा नववी आली. एकोणीस एक्कावन्न. रेषेपलीकडे दोन्ही हातांवर पडली आणि पिवळं पाणी ओकली.

सहावी आलेली मुलगी एकोणीस चोवीसला होती. यंदा सगळ्याच जरा मंद होत्या. भामा बांधावर विटेपासून पळाली होती एकोणीस सोळाला. खरा आकडा तिला कळला असता आणि ती शांतपणे साडेब्याण्णवच्या फेऱ्या पळाली असती, तर ती आत होती. कुंदन मैदानाच्या कडेला उभा राहून ही वजाबाकी पुन्हा पुन्हा करत होता. प्रत्येक वेळी आठच सेकंद उरत होते.

पनवेलला परतताना भामा खिडकीशी बसली होती. पूल ओलांडल्यावर भामानं मागच्या बाकावरच्या निकेशला विचारलं, "तुझा घड्याळ देशील? दोन दिसांसाठी."

संक्रांतीनंतर कॉलेजनं बोलावलं. कुंदनला वाटलं, संपलं. प्राचार्यांसमोर त्याचीच वही उघडी होती. "निकाल आला नाही, पण सगळ्याच मुलांच्या वेळा एका हंगामात मिनिटभर उतरल्यात. हे मी वर दाखवलं. जूनमध्ये तुमचं पत्र निघेल. आणि हे चढाचं तंत्र जरा लिहून द्या, इतरांना उपयोग होईल." कुंदन हो म्हणाला. जिना उतरताना त्यानं फोन कानाला लावला नाही, आणि कुणी बघितलंही नाही.

घरी मनिषा बोलत नव्हती. तिला विहिरीवर गुणाबाई भेटली होती, आणि भोईरांना कुणी काही सांगितलं नव्हतं हे तिला कळलं होतं. चार दिवस तिनं त्याचं ताट वाढून समोर ठेवलं आणि उठून गेली. पाचव्या दिवशी म्हणाली, "शिंपले माझे पदरात व्हते. मी पन त्यात हाय आता." एवढंच म्हणाली आणि उकडीत हात घातला.

त्या रविवारी तो भोईरांकडे निघाला. सांगून टाकायचं ठरवलं होतं. शिवानं मारलं तर मार खायचा. खरं तर त्यानं मारावं अशीच त्याची इच्छा होती.

भामा अंगणात बसली होती. नेऱ्याच्या एका फार्महाऊसवर ती आता शनिवार-रविवार भांडी-लादी करायला जायची. नुकतीच आली होती. पायांच्या बोटांमध्ये पाण्यानं कातडी पांढरी झाली होती. तिनं त्याला बघितलं आणि उठली, फाटकापाशी आली, आत येऊ दिलं नाही.

"बाबा आहे का?"

"जेवतोय." तिनं आवाज खाली केला. "मी बांध मोजलाय, सर. निकेशच्या घड्याळानं. तीन वेळा."

कुंदननं फाटकावर हात टेकला.

"त्या दिशी तुमी मला विटेपासून पलवलंत. तवा तुमाला म्हायती व्हता."

"हो."

"मी पूर्न पलले व्हते त्या दिशी. किती व्हते?"

"एकोणीस सोळा."

तिनं तो आकडा ऐकला आणि ओठ मिटले. सहावीची वेळ तिलाही पाठ होती. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी तुझ्या बाबाला सांगायला आलोय," कुंदन म्हणाला.

"नका सांगू."

"सांगायला पाहिजे, भामा. मला—"

"तुमाला बरा वाटंल. त्याला काय वाटंल?" ती फाटकाच्या लाकडाकडे बघत बोलत होती. "वाक त्यानं कापलाय. माझेसाठी, शेतवाल्याचे पाया पडून. त्याला कललं तर तो परत त्या मशीनवर बसनार नाय. आईला पन बोलले नाय मी. तुमी कोनाला सांगायचा नाय."

"मग मी काय करू?"

"मला काय म्हायती," भामा म्हणाली.

तेवढ्यात शिवा हात पुसत बाहेर आला. "अरे, सर! फाटकात का उबे? ये गुना, चाय ठेव." त्यानं खुर्ची आणली, पुसली, कुंदनला दंडाला धरून बसवलं. डावा पाय सरळ पुढे ठेवून कुंदन बसला. शिवा उंबऱ्याला टेकला आणि मान खाली घालून म्हणाला, "मीच येनार व्हतो तुमच्याकडं. तोंड दाखवायची लाज वाटत व्हती. तुमी येवडी म्हेनत घेतली आन पोरीनं तुमचा नाव घालवला."

"तसं काही नाही, शिवा."

"नाय कसा? घड्याळात अठरा वीस मी माझे डोल्यानं बघितलाय. हितं पलते आन तिथं जाऊन घाबरते." तो थोडा पुढे सरकला. "मी एक बोलू? उघाडीच्या अलीकडं आजून एक वाक हाय. पोकलेन म्हेनाभर गावातच हाय. बोलत असाल तर तो पन सरल करून टाकतो. पोरांना तवढाच फेर कमी."

गुणाबाईनं चहाचा कप कुंदनच्या हातात दिला. भामा भिंतीला पाठ लावून उभी होती.

"नको," कुंदन म्हणाला. "आहे तसा राहू दे."

"बरा. तुमी बोलाल तसा." शिवा मुलीकडे वळला. "आन तू काय उबी? सरांची माफी माग. पाया पड त्यांचे."

भामा भिंतीपासून सुटली. दोन पावलं चालून आली आणि वाकली. कुंदनला पाय मागे घ्यायचे होते. उजवा त्यानं घेतला. डावा गुडघा वळला नाही, तो तसाच पुढे राहिला, आणि तिनं त्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला.